सोलापुरात राहून पहिला संशोधन प्रकल्प: विज्ञान, गणित आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी

एम.एस्सी. किंवा अर्थशास्त्रातील एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प समोर येतो, तेव्हा बहुतेक विद्यार्थ्यांना परीक्षेचा अभ्यास कसा करायचा हे नीट ठाऊक असते आणि संशोधनाची सुरुवात कुठून करायची हे कोणीच सांगितलेले नसते. मी याच शहरात या प्रक्रियेतून गेलो आहे आणि त्यानंतर अनेकांचे प्रकल्प जवळून पाहिले आहेत. प्रकल्प अडतो तो बुद्धी किंवा उपकरणे कमी पडल्यामुळे क्वचितच. प्रश्न फार मोठा घेतल्यामुळे आणि लागणारा डेटा मिळतो की नाही हे शेवटी पाहिल्यामुळे तो अडतो. म्हणून खालील पायऱ्यांत या दोन गोष्टींना अधिक जागा दिली आहे आणि बाकीच्या थोडक्यात सांगितल्या आहेत.

सुरुवातीला जवळ ठेवायच्या गोष्टी

- महाविद्यालयाचे ओळखपत्र, ग्रंथालयाचे कार्ड आणि संस्थेच्या नावाचा ईमेल पत्ता. हा पत्ता मिळत नसेल तर तो मागण्यासाठी लेखी अर्ज द्यावा. पुढे अनेक ठिकाणी खासगी ईमेल चालत नाही.
- विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याचे पत्र, ज्यात तुमचे नाव, प्रकल्पाचा विषय आणि कालावधी असेल. त्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवाव्यात.
- ऑर्किड क्रमांक. हा संशोधकाचा सोळा अंकी ओळख क्रमांक असून तो विनामूल्य मिळतो. पाटील, शिंदे, जाधव अशा आडनावांच्या गर्दीत तो फार उपयोगी पडतो.
- संदर्भ सांभाळण्यासाठी झोटेरो, गणनासाठी आर किंवा पायथन, नकाशांसाठी क्यूजीआयएस, बीजगणित व संख्या सिद्धांतासाठी सेजमॅथ आणि लिखाणासाठी लाटेक. ही सर्व साधने विनामूल्य आहेत. पायरेटेड सॉफ्टवेअर वापरण्याचे काही कारण नाही.
- पाने सुटी होत नाहीत अशी बांधीव नोंदवही. प्रत्येक पानावर तारीख हवी.

१. विषय बाजूला ठेवा, प्रश्न ठरवा

‘डाळिंबावरील तेल्या रोग’ हा विषय झाला. त्यावर कित्येक वर्षे काम चालू आहे आणि पुढेही चालेल. ‘सांगोला तालुक्यातील निवडलेल्या बागांमध्ये मृग बहरातील सलग ओलसर दिवसांची संख्या आणि तेल्याची तीव्रता यांत संबंध दिसतो का’ हा प्रश्न झाला, कारण त्याला ठिकाण आहे, काळ आहे आणि मोजता येतील अशा दोन गोष्टी आहेत. तेल्या हा जिवाणूजन्य रोग असून पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर तो पसरतो, त्यामुळे हा प्रश्न विचारण्यामागे कारणही आहे. अर्थशास्त्रात ‘कांद्याचे दर’ हा विषय आहे, तर ‘८ डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीनंतर सोलापूर बाजार समितीतील कांद्याचा सर्वसाधारण दर लासलगावच्या तुलनेत किती आणि किती दिवसांत बदलला’ हा प्रश्न आहे.

प्रश्न पुरेसा नेमका झाला की नाही हे तपासण्याची एक सोपी कसोटी आहे. उत्तराचा तक्ता किंवा आलेख आकड्यांशिवाय कागदावर काढून पाहावा: आडव्या अक्षावर काय, उभ्या अक्षावर काय, एकक कोणते, किती नोंदी. हा रिकामा आलेख काढता आला नाही, तर तुमच्याकडे अजून विषयच आहे असे समजावे. ज्या प्रकल्पाच्या शीर्षकात ‘एक अभ्यास’ असे शब्द असतात, तिथे ही कसोटी बहुधा लावलेलीच नसते.

स्थानिक प्रश्न घेणे कमी दर्जाचे आहे असा एक गैरसमज आढळतो. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे काम सोलापुरात १९३० च्या दशकापासून चालू आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावला आहे, नान्नजचा माळ माळढोकासाठी देशभर ओळखला जातो आणि उजनीचा जलाशय हिवाळ्यात स्थलांतरित पक्ष्यांनी भरतो. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्याला ज्या ठिकाणी मुक्काम करून काम करावे लागेल, तिथे तुम्ही सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकता.

२. आधी काय झाले आहे ते शोधा

गुगल स्कॉलरपासून सुरुवात करायला हरकत नाही, पण तिथे थांबू नये. भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र आणि २०१७ पासून अर्थशास्त्र यांतील प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापून येण्याआधीच खुले केलेले शोधनिबंध, ‘आर्काइव्ह’ या संग्रहात मिळतात. हा संग्रह पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केला. अर्थशास्त्रासाठी ‘रेपेक’, जीवशास्त्र व वैद्यकासाठी ‘पबमेड सेंट्रल’ आणि गणितासाठी २०२१ पासून सर्वांना खुले झालेले ‘झेडबीमॅथ’ पाहावे. भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर असतात. तुमच्याच प्रश्नावर शेजारच्या विद्यापीठात कोणी काम केले आहे का, हे तिथे कळते.

एक चांगला शोधनिबंध मिळाला की त्याच्या दोन्ही दिशांना जावे. त्याने कोणाचे संदर्भ दिले ते मागे जाऊन पाहावे आणि नंतर कोणी त्याचा संदर्भ दिला ते पुढे जाऊन पाहावे. अशा फेऱ्यांत तीच तीच नावे पुन्हा येऊ लागली, की क्षेत्राची मुख्य वस्ती सापडली असे मानता येते.

सोलापूरविषयी जुने साहित्य शोधताना इंग्रजीतील जुने स्पेलिंगही टाकावे. त्यात पहिल्या ‘एस’नंतर ‘एच’ येतो. ते न टाकल्यास कापड गिरण्या, गिरणी कामगार आणि शहराच्या वाढीवरील बरेचसे लिखाण शोधात येतच नाही. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेसाठी केलेला सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास, जो १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही याच जुन्या स्पेलिंगखाली सापडतो. शहराच्या अर्थव्यवस्थेवर काम करणाऱ्याने तुलनेसाठी तो पाहिलाच पाहिजे.

शोधनिबंध उघडताना पैसे मागितले, तर ते भरू नयेत. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ ही केंद्र सरकारची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असून तीत तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स येतात. तुमची संस्था या योजनेत आहे का आणि घरून लॉग-इन कसे करायचे हे ग्रंथपालांना विचारावे. संस्था योजनेत नसेल, तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन वाचता येईल का, याची चौकशी करावी. तेही जमले नाही, तर लेखकांना दोन ओळींचा नम्र ईमेल पाठवावा. आपला निबंध कोणीतरी वाचू इच्छितो याचा बहुतेकांना आनंदच होतो.

येथे एक नवा धोका सांगायला हवा. चॅटबॉटला संदर्भ विचारले की तो अस्तित्वातच नसलेले शोधनिबंध, खऱ्या वाटणाऱ्या लेखकांच्या नावांसह आणि पृष्ठक्रमांकांसह देऊ शकतो. जो शोधनिबंध डीओआय क्रमांकाने (प्रत्येक निबंधाला किंवा डेटासंचाला मिळणाऱ्या कायमस्वरूपी ऑनलाइन ओळख क्रमांकाने) स्वतः उघडून पाहिला नाही, तो संदर्भसूचीत घालू नये. तोंडी परीक्षेत परीक्षक नेमका तोच संदर्भ काढतात.

३. वाचायचे कसे

पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत जाणे ही पाठ्यपुस्तकाची पद्धत आहे. शोधनिबंधाचा सारांश आधी वाचावा, मग आकृत्या आणि तक्ते पाहावेत, मग निष्कर्ष वाचावा आणि त्यानंतर ठरवावे की हा निबंध पूर्ण वाचायचा आहे की नाही. पूर्ण वाचण्यासारखे निबंध थोडेच निघतात. त्यांची कार्यपद्धती मात्र वही-पेन घेऊन वाचावी आणि प्रत्येक निबंधाखाली तीन वाक्ये आपल्या शब्दांत लिहावीत: प्रश्न काय होता, कशावरून उत्तर काढले आणि कोणती गोष्ट गृहीत धरली. तिसरे वाक्य लिहिणे अवघड जाते, पण तुमच्या प्रश्नाची जागा बहुधा तिथेच असते.

माझ्या मते नवख्या माणसाने सर्वांत आधी करावे असे काम म्हणजे प्रसिद्ध झालेल्या एखाद्या निबंधातील एक तक्ता, त्याच डेटावरून, स्वतः पुन्हा काढणे. आकडे जुळले तर पद्धत हातात आली. जुळले नाहीत तर का जुळले नाहीत हे शोधताना जे शिकायला मिळते, ते कोणत्याही कार्यशाळेत मिळत नाही.

४. मार्गदर्शकांना विषय कळवण्यापूर्वी डेटा उघडून पाहा

संकेतस्थळावर डेटा ‘उपलब्ध’ आहे एवढ्यावर विसंबू नये. फाईल उतरवून घ्यावी, उघडावी, किती ओळी आहेत, किती रिकाम्या आहेत आणि पहिली व शेवटची तारीख कोणती हे पाहावे. सोलापूरच्या विद्यार्थ्यांना नेहमी लागणाऱ्या चार प्रकारांतील अडचणी पुढे देत आहे.

बाजारभाव: ॲगमार्कनेट आणि राज्य पणन मंडळाच्या संकेतस्थळांवर आवक तसेच किमान, कमाल व सर्वसाधारण दर मिळतात. सुट्ट्या, बंद आणि नोंद न झालेले दिवस मालिकेत मोकळे राहतात. त्यांच्या जागी शून्य भरले तर सरासरी पार बिघडते. अनेक वर्षांची तुलना करायची असेल तर महागाई वजा करून वास्तव दर काढावे लागतात आणि त्यासाठी ग्राहक किंमत निर्देशांकाचे आधारवर्ष एकच आहे याची खात्री करावी लागते. कांद्याच्या बाबतीत सरकारी निर्णयांच्या तारखा आलेखावर आधीच खुणा करून ठेवाव्यात: १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबर २०२३ रोजी बंदी, ४ मे २०२४ रोजी बंदी उठून किमान निर्यातमूल्य, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्के आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क रद्द. आणखी एक गोष्ट: आवक वाढली की दर पडतो, पण दर चांगला दिसला की शेतकरीही माल बाजारात आणतात. दोन्ही एकमेकांवर परिणाम करत असताना साधे समाश्रयण (रिग्रेशन) चालवून ‘आवकेचा दरावरील परिणाम’ असे लिहिणे चुकीचे ठरते. येथे निर्यातबंदीसारखी बाहेरून आलेली घटना उपयोगी पडते, आणि पहिल्या पायरीतला प्रश्न म्हणूनच तसा मांडला आहे.

रोजगार: पीएलएफएस या श्रमबल सर्वेक्षणाचा कुटुंबनिहाय डेटा सांख्यिकी मंत्रालय विनामूल्य देते. २०१७-१८ पासूनच्या त्याच्या सुरुवातीच्या फेऱ्या राज्य पातळीवरील अंदाजांसाठी आखल्या होत्या. सोलापूर जिल्ह्याच्या नोंदी वेगळ्या काढून ‘जिल्ह्यातील बेरोजगारी इतकी टक्के’ असे लिहिले, तर नमुना इतका लहान असतो की त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. शिवाय प्रत्येक नोंदीसोबत दिलेला गुणक (ती नोंद लोकसंख्येतील किती जणांच्या जागी आहे हे सांगणारा आकडा) न लावता काढलेली टक्केवारी ही फक्त नमुन्याची असते, लोकसंख्येची नसते.

पाऊस: हवामान विभाग १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत देतो. एका चौकटीची बाजू साधारण २७ किलोमीटर भरते आणि तिच्यातील आकडा आजूबाजूच्या पर्जन्यमापकांवरून काढलेला असतो. करमाळ्याच्या एका गावातल्या बागेशी तो थेट जोडू नये. महसूल मंडळनिहाय पाऊस कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर पाहता येतो. बागेच्या पातळीवरील प्रश्नासाठी तो अधिक जवळचा आहे.

उपग्रह: उजनीचा पाणीपसारा, शेवाळ किंवा ऊस व ज्वारीखालील क्षेत्र यांसाठी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात. प्रकाशाच्या काही पट्ट्यांत त्यांचे तपशील १० मीटरपर्यंत असतात आणि दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवर येतात. यात दोन खाचखळगे आहेत. पहिला पावसाळा: जून ते सप्टेंबरची बहुतेक चित्रे ढगांनी झाकलेली असतात, म्हणून त्या महिन्यांतील पाणीपसाऱ्यासाठी रडार असलेल्या सेंटिनेल-१ कडे वळावे. दुसरा कमी जणांना ठाऊक असतो: २५ जानेवारी २०२२ पासून प्रक्रियेची पद्धत बदलली आणि पिक्सेलच्या मूल्यांत १००० मिळवले जाऊ लागले. ते वजा न करता २०१९ आणि २०२३ ची तुलना केली, तर जलाशय अचानक उजळल्यासारखा दिसतो आणि विद्यार्थी त्याचे पर्यावरणीय कारण शोधत बसतो. गुगल अर्थ इंजिनमध्ये ही दुरुस्ती केलेला ‘हार्मोनाइज्ड’ संच निवडता येतो.

चारही प्रकारांना लागू पडणारी एक सूचना: जिल्ह्यांची नावे जुळवून तक्ते जोडू नयेत, जनगणनेचे संकेतांक वापरावेत. उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाल्यापासून जुने व नवे तक्ते नावावरून जोडताना सोलापूरचे हे दोन्ही शेजारी जिल्हे गुपचूप गळून पडतात, आणि संगणक त्याबद्दल काहीही तक्रार करत नाही.

५. प्रकल्प शुद्ध गणिताचा असेल तर

येथे डेटाची जागा उदाहरणे घेतात. प्रश्न असा निवडावा की ज्याची लहान उदाहरणे संगणकावर काढता येतील. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी दाखवलेली चार अंकी संख्यांची क्रिया घ्या: अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले की, चारही अंक सारखे नसतील तर, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. दशमान पद्धतीऐवजी इतर पायांत ही क्रिया कशी वागते, कोणत्या पायात स्थिर संख्या मिळते आणि कुठे चक्र तयार होते, हा पदव्युत्तर प्रकल्पाला झेपणारा प्रश्न आहे. त्यावर बरेच काम झालेले असल्याने ते आधी वाचावे लागेल. एखादा अनुक्रम मिळाला की नील स्लोन यांनी सुरू केलेल्या पूर्णांक अनुक्रमांच्या ऑनलाइन विश्वकोशात तो टाकून पाहावा. बहुधा तो तिथे आधीच असतो आणि सोबत संदर्भही मिळतात.

उदाहरणांवरून विधान सुचते, सिद्ध होत नाही. न² + न + ४१ हे सूत्र न = ० पासून ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्या देते आणि ४० ला ४१ चा वर्ग देते. जॉर्ज पोल्या यांनी मूळ अवयवांच्या सम-विषम संख्येविषयी १९१९ मध्ये मांडलेल्या अटकळीला तर सर्वांत लहान अपवाद ९०,६१,५०,२५७ ही संख्या आहे. लाखभर उदाहरणे तपासणाऱ्याला ती अटकळ खरीच वाटली असती. गोल्डबाख किंवा रीमान यांच्या अजून न सुटलेल्या प्रश्नांची सिद्धता प्रकल्पात देऊ नये, एवढे सांगून पुढे जातो.

६. परवानग्या

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात संशोधनासाठी जायचे असेल, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली परवाना लागतो आणि पर्यटकाच्या तिकिटावर तेथील नोंदी घेणे नियमात बसत नाही. अर्ज विभागामार्फत करावा आणि हंगाम सुरू होण्याच्या बराच आधी करावा. धरणाच्या किंवा तलावाच्या पाण्याचे नमुने घेण्यापूर्वी ते ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाला पत्र द्यावे. पोच घ्यायला विसरू नये.

माणसांची पाहणी असेल तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता आणि प्रत्येकाची संमती आवश्यक असते. पूर्व भागातील यंत्रमाग किंवा विडी कामगारांकडे जाणार असाल, तर संमतीपत्र आणि प्रश्नावली तेलुगूतही करून घ्यावी. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नड लागेल. मजुरीचे प्रश्न कारखान्यात मालकासमोर विचारू नयेत, कारण तिथे मिळणारे उत्तर मालकासाठी असते. विडी वळणाऱ्या महिलांना माल देऊन आल्यानंतरची वेळ विचारून घ्यावी आणि तेव्हाच जावे.

७. मार्गदर्शकांकडे जाताना

‘सर, काहीतरी विषय द्या’ असे म्हणत जाऊ नये. एका पानावर प्रश्न, वाचलेले तीन-चार निबंध, उघडून पाहिलेला डेटा आणि तो रिकामा आलेख घेऊन जावे. बैठक झाली की काय ठरले ते त्याच दिवशी ईमेलने कळवावे. सहा महिन्यांनी ‘मी असे म्हणालो नव्हतो’ हा प्रसंग त्यामुळे टळतो.

पुणे जवळ असल्याचा फायदा घ्यावा. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परतता येते, त्यामुळे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने गोखले संस्थेचे ग्रंथालय आणि खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्याने आयुका एकदा तरी पाहावे. जाण्यापूर्वी प्रवेशाचे नियम विचारून घ्यावेत आणि विभागाचे पत्र सोबत असावे. उन्हाळ्यात दोन महिने मोठ्या प्रयोगशाळेत काम करायचे असेल, तर देशातील तीन विज्ञान अकादमींची एकत्रित ग्रीष्मकालीन संशोधन शिष्यवृत्ती पाहावी. तिचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच मागवले जातात आणि उन्हाळ्यात चौकशी करणारे नेहमीच उशिरा पोहोचतात.

८. लिखाण आणि साम्य तपासणी

कार्यपद्धती आधी लिहावी, प्रस्तावना शेवटी. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांनुसार इतरांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण म्हणून ९ टक्के उचलेगिरी चालते असा त्याचा अर्थ होत नाही. इंग्रजी परिच्छेद मराठीत आणून पुन्हा इंग्रजीत नेला की सॉफ्टवेअर चकते, अशी एक युक्ती वसतिगृहांत फिरत असते. सॉफ्टवेअर चकले तरी त्या क्षेत्रातील परीक्षक चकत नाहीत.

९. प्रसिद्धीच्या नावाखाली होणारी फसवणूक

‘सात दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्र मोफत’ असे व्हॉट्सॲप संदेश तुम्हाला येतीलच. अशी जर्नल्स पैसे घेतात, परीक्षण करत नाहीत आणि पुढे तुमच्या अर्जावर ती नोंद ओझे होऊन बसते. आयएसएसएन क्रमांक हा केवळ नोंदणीचा क्रमांक असून तो गुणवत्तेचा दाखला नाही. यूजीसीची मान्य जर्नल्सची ‘केअर’ यादी बंद झाल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले, त्यामुळे ‘केअर लिस्टेड’ अशी जाहिरात करणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. जर्नल डीओएजे (खुल्या जर्नल्सची सूची), स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्सच्या मूळ यादीत स्वतः शोधावे आणि संकेतस्थळाचा पत्ता अक्षरन् अक्षर जुळवून पाहावा, कारण चांगल्या जर्नलच्या नावाने बनावट संकेतस्थळेही काढली जातात.

पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असण्याची सक्ती यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांत नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तेवढे संबंधित विभागात विचारावे. म्हणजे घाई करण्याचे कारण बहुधा नसतेच. पहिल्या प्रकल्पासाठी ‘आविष्कार’ ही राज्यातील आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा अधिक योग्य वाटते. तिथे परीक्षक भित्तिपत्रकासमोर उभे राहून प्रश्न विचारतात, आणि जर्नलकडून महिनोन्महिने मिळत नाही असा अभिप्राय काही मिनिटांत मिळतो.

१०. डेटा आणि प्रोग्राम जमा करणे

काम संपल्यावर मूळ डेटा, स्वच्छ केलेला डेटा, प्रोग्राम आणि प्रत्येक स्तंभाचा अर्थ सांगणारी एक साधी मजकूर फाईल असे चार भाग करावेत. पाहणीतील नावे, फोन क्रमांक आणि पत्ते काढून टाकावेत. छोट्या वस्तीत वय, व्यवसाय आणि गल्ली एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून गल्लीच्या जागी फक्त प्रभाग लिहावा. मग हे सर्व सर्न संस्थेच्या ‘झेनोडो’ या विनामूल्य संग्रहात ठेवावे, म्हणजे त्याला डीओआय क्रमांक मिळतो आणि तो ऑर्किडच्या नोंदीशी जोडता येतो. दुसऱ्यांकडून घेतलेला डेटा पुन्हा प्रसिद्ध करण्याची मुभा आहे का ते आधी वाचावे. नसेल तर तो कुठून व कोणत्या तारखेला उतरवला एवढीच नोंद ठेवून फक्त प्रोग्राम जमा करावा.